सुटणं आणि तुटणं

त्या दिवशी सकाळी माझी बायको झाडावर चढली. दहाच्या सुमारास ती पडली. मी लॅबमध्ये होतो. फोन आला, मी टॅक्सी केली, हॉस्पिटलमध्ये पोचलो. तोवर ती गेली होती. दुपारी मी मुलीला आणायला शाळेत गेलो.

पाच वर्षं, ज्यांनी विचारलं त्यांना मी एवढंच सांगत होतो. त्यात खोटं काही नाही. पण ते सगळं नाही, आणि जे राहिलं ते मला नीट, सावकाश लिहायचं आहे.

तिचं काम पक्ष्यांचं होतं. सार्सच्या साथीचं वर्ष उलटून गेलं होतं आणि तिला विद्यापीठात संशोधनाची जागा मिळाली होती. बुकित पंजांगच्या पलीकडे जंगलाचा जो पट्टा आहे, तिथे समुद्रगरुडाच्या एका जोडीनं घरटं केलं होतं. शेजारच्या झाडावर, घरट्याच्या उंचीला, तास-दोन तास न हलता बसायचं आणि नर काय आणतो, मादी काय करते, पिल्लू किती वेळा तोंड उघडतं हे लिहून घ्यायचं. आम्ही राहायचो बेटाच्या दुसऱ्या बाजूला, हौगांगला. पहाटे पहिली ट्रेन, मग बदलून दुसरी, मग एलआरटीची छोटी गाडी, मग पाठीवर सगळं सामान घेऊन पायी.

झाडावर बसण्यासाठी तिच्याकडे एक खोगीर होतं. खोगीर हा तिचाच शब्द. त्यांच्या विभागात एक अमेरिकन सहकारी होता, उंच, लाजरा, नेहमी घामेजलेला. त्याच्या गावाकडे लोक धनुष्यबाण घेऊन हरणांची शिकार करतात आणि त्यासाठी झाडाला टांगून घेतात. त्याचं ते जुनं साधन त्यानं तिला दिलं होतं. कमरेभोवती आणि मांड्यांखाली येणारा रुंद पट्टा, पुढे दोन्ही बाजूंना जोडणारी आखूड दोरी, आणि तिला अडकवलेला एक लांब दोर, जो बुंध्याभोवती फिरवून बांधायचा. पाय बुंध्याला टेकवून मागे रेललं की माणूस हवेत खुर्चीवर बसल्यासारखा बसतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, "घोडा कुठाय?"

"घोडा घरी पुस्तक वाचतोय," ती म्हणाली.

ती असंच बोलायची. मी हळू बोलणारा आणि तेही कमी. आमच्या लग्नात तिच्या मैत्रिणींनी तिला विचारलं होतं म्हणे, की हा मुलगा बोलतो तरी का. तिनं सांगितलं, "लेखी विचारलं तर उत्तर देतो."

तिची एकच तक्रार असायची, वजनाची. झाडाला बांधायचा दोर जाड होता, आणि तिला त्या सहकाऱ्यानं शिकवलं होतं तसे ती दोन नेई, एक बसण्याचा आणि एक वेगळा, वरच्या अंगाला बांधलेला, पहिल्याचं काही झालं तर म्हणून. त्यात पाणी, दुर्बीण, वह्या, बुंध्याला बांधत वर जायच्या लोखंडी पायऱ्यांचे तुकडे. संध्याकाळी घरी आली की खांद्यावर पट्ट्यांचे लाल वळ असायचे. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. ती बोट फिरवून म्हणायची, "आई, यू लुक लाइक झेब्रा लाह." आणि ती म्हणायची, "हमाल म्हण, बाळा, हमाल."

माझं काम दोरांचं. दोरांचं म्हणजे दोर तोडण्याचं. या बेटावर जहाजं येतात, जहाजांना धक्क्याशी बांधून ठेवणारे दोर असतात, आणि ते किती ओढले की तुटतात हे कोणीतरी आधी पाहून ठेवावं लागतं. आमच्या लॅबमध्ये लांब आडवं यंत्र आहे. दोराची दोन टोकं दोन खुंट्यांना अडकवायची, यंत्र ओढत जातं, आकडा वाढत जातो, आणि एका क्षणी दोर तुटतो. मोठा दोर तुटला की आख्ख्या इमारतीला कळतं. मी रुजू झालो त्याच सुमारास नव्या प्रकारचे दोर यायला लागले होते. राखाडी, बोटांना मेणासारखे गुळगुळीत, लोखंडी तारेइतके बळकट आणि इतके हलके की पाण्यावर तरंगतात. पूर्वी दहा माणसांनी ओढायचा तो दोर आता दोघं उचलत होते. मला तो पदार्थ आवडायचा. इंजिनिअरला एखादा पदार्थ आवडतो तसा.

तर मी त्याचा एक तुकडा घरी आणला. करंगळीहून बारीक, सातआठ मीटर लांब, एका नमुन्यातून उरलेला, फेकून द्यायचा. खिशात मावत होता. तिच्या हातावर ठेवला.

"हे काय, बुटांची नाडी?"

"तुझा दोर."

"हा? मला धरणार?"

"तुझ्यासारख्या वीस धरेल."

ती हातात तोलत राहिली. मग तिनं तो स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला, आकडा पाहिला, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी सोन्याचं काही आणलं असावं. लग्नानंतर मी तिला आणलेल्या वस्तूंमध्ये तिला खरोखर आवडलेली ही कदाचित एकमेव वस्तू. साड्या मी चुकीच्याच आणायचो.

आणि मी आणखी एक वाक्य म्हटलं. "मग आता दोन कशाला वाहतेस?"

पुढच्या रविवारी, वंदना आणि जेवण आटोपल्यावर, ती डायनिंग टेबलाशी तो दोर घेऊन बसली. मी सोफ्यावर पुस्तक वाचत होतो. कोणतं ते लिहिण्यात अर्थ नाही. इतिहासाचं होतं आणि मी ते पुढे कधी पुरं केलं नाही. तिला टोकाला एक फासा हवा होता, ज्यातून उरलेला दोर ओढून घेऊन तो बुंध्याला आवळता येईल. फासा करायला तिनं गाठ मारली. ती गाठ तिला उत्तम यायची. डोळे मिटूनही मारायची. तिचा फासा आवळत नाही, वजन येऊन गेल्यावरही ती सोडवता येते, आणि कोळी, खलाशी, झाडावर चढणारे सगळेच ती वापरतात. मग तिनं त्याच दोरावर बारीक दोरीचे वेढे घालून दुसरी गाठ केली, पकड घेणारी. मोकळी असताना ती सरकते, वजन आलं की आवळते. झाडापासून किती लांब बसायचं ते या गाठीनं ठरतं.

"सरकतेय रे ही जरा," ती म्हणाली.

"वेढे वाढव," मी म्हटलं.

तिनं वाढवले. गाठ सरकायची थांबली. मग उठून फ्लॅटच्या बाहेर गेली, कॉरिडॉरच्या टोकाला जिन्याच्या कठड्याला दोर बांधला आणि खोगीर चढवून त्यात बसून पाहिलं. शेजारच्या आंटीनं दार उघडलं आणि मला हाक मारली, "अंकल! युअर वाइफ सर्कस आ?" मी दारापर्यंत गेलो. ती कठड्यापासून मागे रेलून, हात पसरून बसली होती आणि आंटीला म्हणत होती, "टिकेट फाइव्ह डॉलर, आंटी." आंटी हसून हसून भिंतीला टेकली. दोन-तीन मिनिटं ती तशी बसली. दोर हलला नाही.

परत येऊन तिनं गाठ उजेडाकडे धरली आणि अंगठ्यानं तिच्याबाहेर उरलेलं दोराचं शेपूट चाचपलं. मी पुन्हा पुस्तकात होतो. तिनं विचारलं, "सुटणार नाही ना रे?"

मी पानावरची नजर न काढता म्हणालो, "नाही तुटत. जहाजं बांधतात त्यानं."

"बरं," ती म्हणाली आणि दोर गुंडाळून पिशवीत टाकला.

मराठीत या दोन शब्दांत एका अक्षराचा फरक आहे. दोर तुटतो, गाठ सुटते. ती सुटण्याचं विचारत होती. मी तुटण्याचं उत्तर दिलं, कारण मी दिवसभर तुटण्याचंच पाहत असे आणि त्या प्रश्नाचं उत्तर मला पाठ होतं. तिला वाटलं असणार, मी ऐकलं. हा दिवसभर दोरच बघतो. हा 'नाही' म्हणतोय म्हणजे नाही.

तिनं 'स' म्हटला की 'त', मी काय ऐकलं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. सुरुवातीला स्वतःला सांगत होतो की मला 'तुटणार' ऐकू आलं. ते खरं नाही. तिनं 'सुटणार' म्हटलं आणि मी ते ऐकलं. ऐकलं आणि सोपं उत्तर दिलं.

कारण सुटण्याचंही उत्तर मला माहीत होतं. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात जे शिकवतात त्यात हेच असतं. तो पदार्थ इतका गुळगुळीत आहे की त्यावर गाठीचा भरवसा नसतो. सुती किंवा नायलॉनचा दोर स्वतःलाच घट्ट धरतो, म्हणून गाठ टिकते. हा स्वतःला धरत नाही. म्हणून याला फासा हवा असेल तर गाठ मारत नाहीत. दोराचं टोक उलट फिरवून त्याच्याच पोटात, पोकळ विणीच्या आत, बरंच लांबवर सारतात, शेवटाकडे एक-एक धागा कापून निमुळतं करतात आणि वरून टाके घालतात. ओढ आली की बाहेरची वीण आतल्या टोकाला आवळून धरते. त्याला स्प्लाइस म्हणतात. मी ते कितीदा केलं आहे याची गणती नाही. त्या संध्याकाळी मला अर्धा तास लागला असता. ती माझ्यापासून चार पावलांवर होती.

चौकशीसाठी एक अधिकारी घरी आला. तरुण होता, बूट दाराबाहेर काढले, पाणी घेतलं नाही. इंग्रजीत हळू विचारत होता. हा दोर तिच्याकडे कुठून आला? मी दिला. तिनं तो वापरण्याआधी तुम्हाला काही विचारलं होतं का?

मी म्हटलं, "तिनं विचारलं, दोर मजबूत आहे का. मी म्हटलं, आहे."

त्यानं ते लिहून घेतलं. मी भाषांतर केलं होतं. आमच्या घरात मराठीत झालेली गोष्ट मी त्या अधिकाऱ्याला कळेल अशा भाषेत सांगितली, आणि सांगताना असा शब्द निवडला की ज्याचं उत्तर बरोबर होतं. दोर मजबूत होताच. तो तुटला नव्हता. तो आख्खा, नवाकोरा, तिच्या खोगिराला तसाच अडकलेला होता. फक्त टोकाला फासा नव्हता.

पुढे कागद आला. त्यात लिहिलं होतं की गाठ सुटली, ती त्या दोराला योग्य नव्हती, आणि दुसरा सुरक्षा-दोर लावलेला नव्हता. वापरणाऱ्याची चूक. दुसरा दोर आमच्या बेडरूमच्या कपाटात, तिच्या ओढण्यांच्या खाली होता.

तो अमेरिकन सहकारी त्या दिवसांत सुट्टीवर मायदेशी होता. परत आला तसा थेट घरी आला. माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसला. मग त्यानं विचारलं, फासा कोणी विणला होता? मी म्हटलं, विणला नव्हता, गाठ होती. त्यानं डोळे मिटले. म्हणाला, आमच्याकडेही मुलं हा बारीक दोर घेतात, वजन कमी म्हणून. त्यांना सांगून सांगून थकतो आम्ही: विणलेलाच घ्या, गाठ मारू नका, पकडगाठ यावर चालवू नका, घासून तापला की तो वितळतो, आणि हा जरासुद्धा ताणला जात नाही, थोडं जरी पडलात तरी झटका सगळा कमरेला. मग तो म्हणाला, "मी इथे असतो तर तिला सांगितलं असतं."

तो स्वतःला दोष देत होता. मी त्याला देऊ दिला. मी इथे होतो, हे मी त्याला म्हटलं नाही.

महिनाभरानं एका दुपारी, सगळे हॉकर सेंटरच्या खाण्याच्या गाळ्यांवर जेवायला गेल्यावर, मी लॅबमध्ये थांबलो. त्याच दोराचा उरलेला तुकडा घेतला. तिच्यासारखी गाठ मारली. ती तिनंच मला शिकवली होती, एका पिकनिकला, ईस्ट कोस्टच्या वाळूत बसून. शेपूट तिच्याइतकंच ठेवलं. यंत्रात लावला आणि तिच्या वजनाइतकी ओढ दिली.

गाठ सुटली नाही.

मी ओढ दुप्पट केली. तरी सुटली नाही. आणि मला हलकं वाटलं. हे लिहायला जड जातंय, पण वाटलं. छातीवरून काही उतरल्यासारखं. म्हणजे तिचीच गाठ काहीतरी चुकली असणार, कुठे तरी घाई झाली असणार. मी यंत्र बंद करायला हात पुढे केला.

मग आठवलं की ती अशी बसत नाही. झाडावर कोणीच असं बसत नाही. पाय अवघडतो, माणूस वजन या पायावरून त्या पायावर घेतो, दुर्बीण उचलतो, पुढे होतो, दोर सैल पडतो, पुन्हा रेलतो. मी यंत्र तसं लावलं. ओढ, ढील. ओढ, ढील. आणि स्टूल ओढून गाठीसमोर बसलो.

दर वेळी शेपूट थोडं आत जात होतं. डोळ्यांना दिसेल न दिसेल इतकं. ढील पडली की गाठ किंचित श्वास घेतल्यासारखी फुगायची आणि पुन्हा आवळताना थोडं शेपूट गिळायची. वरून पाहिलं तर काहीच झालेलं नव्हतं. गाठ गाठीसारखीच होती. बोटभर शेपूट उरलं. मग नखाएवढं. मग दोर सरळ झाला. आवाजही झाला नाही. आमच्याकडे दोर जातो तेव्हा इमारत दचकते, आणि हा नुसता सरळ झाला.

लोक जेवून आले तेव्हा मी तुकडा कचऱ्यात टाकला होता. चाचणीची नोंद केली नाही. वीस वर्षांच्या नोकरीत मी नोंद न केलेली ती एकच चाचणी.

गाठ बरोबर होती. तिनं ती बरोबर मारली होती, पकडगाठीचे वेढे वाढवले होते, कठड्याला बसून पाहिलं होतं, आणि शंका आली तेव्हा माहीतगार माणसाला विचारलंही होतं. जे करायचं ते सगळं तिनं केलं होतं. हे जगात फक्त मला माहीत होतं.

चौकशी संपल्यावर जलदान विधीसाठी आम्ही नागपूरला गेलो. तिचं माहेर तिथलं. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होत्या. "माही पोरगी लहानपणापासून अशीच. धांदल लय तिची. अर्धं ऐकायचं अन् पळायचं. शाळेत जातानी चप्पल पण दोन पायात दोन तऱ्हेच्या." बायका मान हलवत होत्या. "गाठ नाही मारली बाप्पा नीट. काहून घाई केली असंल?" आणि मग स्वतःचं कपाळ धरून, "मीच शिकवलं नाही तिले. मीच लाडावली."

मी बाजूच्या खोलीत होतो. दार उघडं होतं. दोन वाक्यं पुरली असती. मी बाहेर आलो नाही. एवढ्या लोकांसमोर नको, नंतर एकट्याला सांगू, असं स्वतःला म्हटलं. परतीच्या दिवशी त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही लय सांभाळलं तिले. तिचंच चुकलं." मी त्यांच्या पाया पडलो.

हौगांगला परत आल्यावर हेच वाक्य आमच्या घरात राहायला आलं. मुलीनं ते आजीकडून उचललं होतं. वर्गातल्या कोणीतरी विचारलं असेल, एकदा इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, मैत्रिणीशी बोलताना मी ऐकलं, "माय मम टाय द नॉट राँग, लाह. शी वॉज ऑलवेज रशिंग." इतक्या सहज की जणू उशिरा आलेल्या बसबद्दल बोलतेय. पुढे ती स्वतः फार सावध झाली. दप्तर तीनदा तपासायची. कुलूप लावून पुन्हा ओढून पाहायची. मी काही विसरलो तर म्हणायची, "बाबा, डोन्ट बी लाइक आई." मी म्हणायचो, "असं बोलू नये." ती विचारायची, "व्हाय? इट्स ट्रू, व्हॉट." आणि मी पुस्तक उघडायचो.

रविवारी आमच्यातली काही कुटुंबं मरीन परेडला एकाच्या घरी वंदनेला जमायची. सगळे पंचशील म्हणायचे. चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज आपोआप खाली जायचा. शेजारी बसलेल्याला वाटायचं, मी दुःखानं अडखळतोय. कोणीतरी पाठीवर हात ठेवायचं. तो हात मी पाच वर्षं घेतला.

मी का सांगितलं नाही? मी भित्रा आहे, हे एक उत्तर. पण दुसरंही आहे आणि ते जास्त वाईट आहे. मुलीला आता एकच जण होता. तिनं माझ्याकडे पाहावं आणि तिला भरवसा वाटावा, एवढंच माझ्याजवळ उरलं होतं, आणि ते टिकवण्यासाठी मी तिच्या आईला धांदरट होऊ दिलं. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो, असं मी मनात कधीतरी म्हटलंसुद्धा असेन. म्हटलं होतं.

मुलगी चौदा वर्षांची झाली तेव्हा शाळेत तिला दोराचं काही शिकायचं होतं. त्यांच्या एका शिबिरात भिंतीवर चढायचं होतं. सहीसाठी फॉर्म आणला. मी सही करत होतो आणि ती म्हणाली, "डोन्ट वरी, बाबा. मी आईसारखी नाही. आय विल चेक प्रॉपर्ली."

मी पेन खाली ठेवलं.

"आईनं तपासलं होतं," मी म्हटलं.

"हं?"

"आईची गाठ बरोबर होती. तिनं मला विचारलं होतं, सुटणार नाही ना. मी लक्ष न देता नाही म्हटलं. मला माहीत होतं की त्या दोराची गाठ सुटते. दुसरा दोर नेऊ नको असंही मीच सुचवलं."

 मराठी तिला सगळं कळतं, पण काही वेळा उत्तर यायला वेळ लागतो, आतल्या आत एका भाषेतून दुसरीत नेत असल्यासारखा.

"सो शी डिड एव्हरीथिंग राइट."

"हो."

"अँड यू न्यू."

"हो."

"फाइव्ह इयर्स, बाबा?" आणि मग मराठीत, एकेक शब्द वेगळा, "मी सगळ्यांना सांगितलं. आईची चूक. मी. सगळ्यांना."

ती रडेल असं मला वाटलं होतं, किंवा ओरडेल. ती उठून तिच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. बऱ्याच वेळानं बाहेर आली. तिच्या हातात घरातला फोन होता आणि नंबर लावलेला होता.

"आजी," ती म्हणाली. "सांग तिला. नाऊ."

"उद्या सांगतो. तिथे आत्ता..."

"यू ऑलवेज सेइंग टुमॉरो, लाह. रिंग होतेय."

मी फोन घेतला. सासूबाईंनी उचलला आणि नेहमीसारखं विचारलं, "जेवले काय?" मी त्यांना सगळं सांगितलं. टेबल, पुस्तक, तिचा प्रश्न, माझं उत्तर, दुसरा दोर, यंत्रातली गाठ, त्यांच्या घरातलं उघडं दार. मुलगी समोर उभी राहून ऐकत होती. मधेच वाटलं की लाइन गेली. मी "आई?" म्हटलं.

"आहो मी," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तिनं विचारलं होतं."

"हो."

"अन् मी पाच वर्षं तिले शिव्या देल्या. रोज. फोटोसमोर उभी राहून." त्यांचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "पोरीले फोन द्या."

मी फोन मुलीकडे दिला. ती तो घेऊन खोलीत गेली. आतून बराच वेळ बोलण्याचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. मी फॉर्मवर सही केली. त्या शिबिरात ते कसले दोर वापरतात हे मी शाळेला फोन करून विचारलं, आणि तिथल्या माणसानं सांगितलेलं उत्तर वहीत लिहून घेतलं.

नंतर मी त्या अमेरिकन सहकाऱ्यालाही पत्र लिहिलं. तो तोवर कायमचा त्याच्या देशात परत गेला होता. त्याचं उत्तर आलं नाही. पत्ता बदलला असेल. वंदनेला जमणाऱ्या लोकांना एका रविवारी सांगितलं.  एका बाईंनी सगळ्यांना चहा दिला आणि मलाही दिला. त्या दिवशी चौथं शील मी मोठ्यानं म्हटलं, आणि त्यानं काही बरं वाटलं असं नाही.

चौकशीचा कागद तसाच आहे. तो बदलायचा कसा हे मी विचारून आलो. काउंटरवरच्या बाईंनी समजुतीनं ऐकलं, एक अर्ज दिला. तो भरून दिला आहे. त्यात मी तिचा प्रश्न आधी मराठीत लिहिला, आणि खाली इंग्रजीत, या वेळी बरोबर.

मुलगी माझ्याशी बोलते, पण माझ्या शब्दावर कशालाच हो म्हणत नाही. स्वतः शोधते, मग ठरवते. आजीशी ती दर शनिवारी बोलते, आईबद्दलच बहुतेक, आणि हसण्याचा आवाजही येतो. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. नंबर मी लावतो, त्यांनी उचलला की फोन मुलीच्या हातात देतो आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभा राहतो.